बालांगिगा

बालांगिगा : फिलिपीन्सच्या पूर्व सामार प्रांतातील एक लहान ग्रामीण नगर. लोकसंख्या सु. १४,००० (२०२०). क्षेत्रफळ सु. १९० चौ. किमी. हे सामार बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, लेतेच्या आखाताकाठी, सु. ११° ०७' उ. अक्षांश व १२५° २३' पू. रेखांश यांवर बालांगिगा नदीच्या मुखाशी वसले आहे. नारळाच्या बागा, मासेमारी व थोडी भातशेती यांवर जगणाऱ्या या नगराचे नाव २८ सप्टेंबर १९०१ रोजी येथे झालेल्या अमेरिकन छावणीवरील हल्ल्यामुळे व त्यानंतर अमेरिकन सैन्याने नेलेल्या चर्चच्या तीन घंटांमुळे इतिहासात नोंदले गेले. या घंटा ११७ वर्षांनंतर, डिसेंबर २०१८ मध्ये, नगरास परत मिळाल्या. नगराच्या जीवनातील या घंटांचे स्थान समजण्यासाठी तेथील भूगोल, उदरनिर्वाहाची साधने व वसाहतकालीन ग्रामरचना यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

भूवर्णन : सामार हे लूझॉन व मिंदानाओ यांच्या खालोखाल फिलिपीन्समधील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट होय. त्याचा अंतर्भाग डोंगराळ व अरण्यमय असून तेथे चुनखडकाचा भाग मोठा आहे. त्यामुळे वस्ती मुख्यतः किनाऱ्यालगतच्या अरुंद सखल पट्टीत व नद्यांच्या मुखांशी एकवटलेली आहे. बालांगिगा याच प्रकारचे नगर आहे. दक्षिणेस समुद्र, मध्ये नदीकाठची वस्ती व शेते आणि उत्तरेकडे अरण्याने वेढलेल्या टेकड्या, अशी त्याची सर्वसाधारण रचना आहे. पश्चिमेस लावाआन, पूर्वेस गिपोर्लोस व उत्तरेस योरेंते ही नगरे आहेत. त्यांपैकी लावाआन व गिपोर्लोस यांचा प्रदेश पूर्वी बालांगिगातच मोडत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती नगरे स्वतंत्र झाली. सामारच्या अंतर्भागातील अरण्यप्रदेश २००३ मध्ये निसर्गोद्यान म्हणून संरक्षित करण्यात आला. ३,००० चौ. किमी.हून अधिक विस्ताराचे हे क्षेत्र देशातील सर्वांत मोठ्या भूसंरक्षित प्रदेशांत गणले जाते.

येथे निश्चित असा कोरडा ऋतू नसतो. पाऊस वर्षभर पडतो. तथापि नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत ईशान्य वाऱ्यांमुळे त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. पॅसिफिक महासागरावर निर्माण होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या चक्री वादळांच्या (टायफूनच्या) मार्गात सामार बेट प्रथम येते. त्यामुळे घरबांधणी, पीकपद्धती आणि धान्याचा साठा करण्याची रीत या सर्वांवर वादळांची छाया असते.

प्रशासन : पूर्वी संपूर्ण सामार बेट हा एकच प्रांत होता. १९६५ च्या कायद्याने त्याचे उत्तर सामार, पूर्व सामार व पश्चिम सामार असे तीन भाग करण्यात आले आणि बालांगिगा पूर्व सामारमध्ये समाविष्ट झाले. बोरोंगान हे या प्रांताचे मुख्य ठिकाण असून कॅथलिक धर्मप्रांताचे केंद्रही तेथेच आहे. बालांगिगाचा कारभार दर तीन वर्षांनी निवडून येणारा नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष व नगरपरिषद यांच्याकडे असतो. नगराची विभागणी १३ बारांगायांमध्ये केलेली आहे. बारांगाय हा फिलिपीन्समधील स्थानिक शासनाचा सर्वांत लहान घटक होय. हा शब्द नावेच्या जुन्या नावावरून आला असून स्पॅनिश आगमनापूर्वी एका दातूच्या (प्रमुखाच्या) आधिपत्याखालील कुटुंबसमूहास तो लावीत. १३ पैकी सहा बारांगाय चर्च व चौक यांभोवतीच्या मूळ वस्तीत असून उरलेले सात किनाऱ्यावर व आतल्या भागात पसरलेले आहेत.

इतिहास : यूरोपीय आणि फिलिपीन्समधील लोक यांचा पहिला संबंध याच परिसरात आला. मार्च १५२१ मध्ये फर्डिनंड मॅगेलनच्या जहाजांना प्रथम सामारची भूमी दिसली व बेटाच्या आग्नेय टोकाजवळील होमोनहोन या लहान बेटावर त्याचे लोक उतरले. प्रत्यक्ष स्पॅनिश अंमल मात्र सामारवर बऱ्याच उशिरा व प्रामुख्याने धर्मप्रसारकांच्या द्वारे पसरला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट धर्मोपदेशक येथे आले. १७६८ मध्ये त्यांना फिलिपीन्समधून काढून टाकल्यावर दक्षिण सामारमधील ठाणी ऑगस्टिनियन व पुढे फ्रान्सिस्कन पंथांकडे गेली.

नद्यांकाठी व डोंगरउतारांवर विखुरलेली घरे एकत्र आणून चर्चभोवती गावे वसविणे, हे स्पॅनिश धोरणाचे मुख्य सूत्र होते. घंटेचा आवाज जेथवर पोहोचतो तेथवर गाव, अशी त्यामागील कल्पना असून अशा वस्तीस ‘बाहो दे ला काम्पाना’ म्हणजे ‘घंटेच्या छायेखालील’ म्हणत. प्रार्थनेच्या वेळा, जन्म, विवाह व मृत्यू यांची वार्ता, आग, वादळ आणि समुद्रावरून येणारे हल्लेखोर यांची सूचना हे सर्व घंटेच्या नादातून गावास कळे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत दक्षिणेकडील बेटांवरून येणाऱ्या गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांचा उपद्रव व्हिसायासच्या किनाऱ्यांना वारंवार होत असे. त्यामुळे सामारमध्ये अनेक ठिकाणी चर्चभोवती तटबंदी व टेहळणीचे बुरूज बांधले गेले. घंटा ही अशा गावांत केवळ धार्मिक वस्तू नव्हती, तर सामूहिक संरक्षणाचे साधनही होती. बालांगिगाचे चर्च संत लॉरेन्स या हुतात्म्यास वाहिलेले असून त्याच्या तीन घंटांवर १८५३, १८८९ व १८९५ ही वर्षे कोरलेली आहेत. वाराय भाषेत घंटेस ‘लिंगनाय’ म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲबका (मनीला ताग) व खोबरे यांना परदेशी बाजारपेठ मिळाली आणि सामारच्या किनाऱ्यावरील लहान बंदरे या व्यापारात ओढली गेली. शेतकरी आतल्या भागात ॲबका लावीत, नदीतून तो होड्यांनी मुखाशी आणीत व त्याच्या मोबदल्यात तांदूळ आणि कापड घेत. किनारा व अंतर्भाग यांमधील ही देवघेव बालांगिगाच्या अर्थजीवनाचा कणा होती आणि १९०१ मधील संघर्षाचे मूळही मोठ्या प्रमाणात येथेच सापडते.

अमेरिकन आगमन : १० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहान्वये स्पेनने दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात फिलिपीन्स अमेरिकेच्या हवाली केले. फिलिपिनी क्रांतिकारकांनी तत्पूर्वीच स्वातंत्र्य जाहीर केले असल्यामुळे फेब्रुवारी १८९९ मध्ये त्यांचे व अमेरिकेचे युद्ध सुरू झाले. सामारमध्ये प्रतिकाराचे नेतृत्व जनरल व्हिसेंते लुकबान याच्याकडे होते. बेटाच्या अंतर्भागात राहून तो गनिमी लढा देत असे व त्यासाठी लागणारे धान्य आणि पैसा किनाऱ्यावरील गावांतून मिळवीत असे. ३० मे १९०१ या दिनांकाच्या पत्रात बालांगिगाचा नगरप्रमुख पेद्रो आबायान याने लुकबानला असे कळविले होते, की अमेरिकन सैन्य आल्यास गावकरी वरकरणी मैत्री दाखवतील व योग्य संधी येताच उठाव करतील. हे पत्र पुढे अमेरिकनांच्या हाती पडले.

अंतर्भागाला होणारा पुरवठा तोडण्याच्या हेतूने ११ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेच्या नवव्या पायदळ पलटणीची ‘सी’ तुकडी बालांगिगात उतरली. तीत ७४ अधिकारी व शिपाई असून कॅप्टन टॉमस डब्ल्यू. कॉनेल हा तिचा प्रमुख होता. आरंभीचे काही आठवडे दोन्ही बाजूंचे संबंध बरे होते. शिपाई गावकऱ्यांबरोबर बेसबॉल खेळत आणि गावकरी त्यांना माडी देत. सप्टेंबरमध्ये मात्र परिस्थिती झपाट्याने पालटली. लष्करी तपासणी होणार असल्याने कॉनेलने गाव स्वच्छ करण्याचा हुकूम दिला. घरांभोवतीची झाडेझुडपे तोडताना गावकऱ्यांच्या उपयोगाची पिकेही कापली गेली. माडी विकणाऱ्या एका दुकानात दोन दारू प्यालेल्या शिपायांनी तेथील मुलीची छेड काढली व तिच्या भावांनी त्यांना मारहाण केली. त्यानंतर कॉनेलने गावातील पुरुषांना पकडले. सु. ८० जणांना दोन तंबूंत रात्रभर उपाशी डांबून ठेवण्यात आले. यांतील प्रत्येक तंबू १६ माणसांसाठी होता. गावकऱ्यांचे कोयते व घरात साठविलेला तांदूळही जप्त करण्यात आला.

बालांगिगाच्या घटनेचा अर्थ लावताना या तपशिलांना विशेष महत्त्व आहे. बोलो हा रुंद पात्याचा कोयता शेतकऱ्याचे व माडी काढणाऱ्याचे रोजचे हत्यार होय आणि पावसाळी वादळांचे महिने तोंडावर असताना साठविलेला तांदूळ म्हणजे कुटुंबाचा जीव होय. उठावाची योजना स्वातंत्र्ययुद्धाच्या व्यापक चौकटीत आधीपासून असली, तरी सर्व गावास तीत सामील होण्यास प्रवृत्त केले ते अन्न, हत्यारे व अब्रू यांवर एकाच वेळी आलेल्या घाल्याने, असे या घटनेच्या स्थानिक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

२८ सप्टेंबर १९०१ : उठावाची आखणी गावचा पोलीसप्रमुख व्हालेरिआनो आबानादोर याने केली. आसपासच्या वस्त्यांतून सु. ५०० पुरुष जमविण्यात आले. त्यांपैकी काहींना साफसफाईच्या मजुरीसाठी आणलेले कामगार म्हणून कॉनेलपुढेच हजर करण्यात आले होते. आदल्या रात्री स्त्रिया व मुले गावाबाहेर पाठविण्यात आली. काही पुरुष स्त्रीवेष करून लहान शवपेट्या घेऊन चर्चमध्ये शिरले. पटकीने दगावलेल्या मुलांच्या या शवपेट्या असल्याचे पहारेकऱ्यास सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्यांत कोयते दडविलेले होते. उठावात कासिआना नासिओनालेस या स्त्रीचाही सहभाग होता, असे स्थानिक परंपरा मानते.

सकाळी साडेसहाच्या सुमारास बहुतेक शिपाई न्याहारीस बसले असताना आबानादोरने पहाऱ्यावरील अडॉल्फ गॅमलिन या शिपायाची बंदूक हिसकावून त्याला खाली पाडले व आरोळी ठोकली. त्याच क्षणी चर्चच्या घंटा वाजू लागल्या, शंख फुंकले गेले आणि गावकरी कोयत्यांनिशी तिन्ही बाजूंनी तुटून पडले. कॉनेलसह तुकडीतील सर्व अधिकारी मारले गेले. ७४ पैकी एकूण ४८ जण मृत्यू पावले व २२ जखमी झाले. केवळ चौघांना इजा झाली नाही. काही शिपायांनी बंदुका मिळवून प्रतिकार केला व वाचलेले लोक होड्यांतून पश्चिमेकडील बासेय येथे पोहोचले. गावकऱ्यांपैकी सु. २८ जण ठार झाले. या युद्धात एकाच चकमकीत अमेरिकन सैन्याची झालेली ही सर्वांत मोठ्या हानींपैकी एक होय.

सूडाची मोहीम : दुसऱ्या दिवशी बासेय येथून कॅप्टन एडविन बुकमिलर आपल्या तुकडीसह आगबोटीने आला, तेव्हा गाव निर्मनुष्य होते. मृतांचे दफन करून त्याने गावास आग लावली. त्यानंतर ब्रिगेडियर जनरल जेकब एच. स्मिथ याची सामारवर नेमणूक झाली. त्याने मेजर लिटल्टन वॉलर याच्या सागरी सैनिकांना बेटाचा अंतर्भाग ओसाड करून टाकण्याचा व शस्त्र धरू शकेल अशा, म्हणजे दहा वर्षांवरील, कोणासही ठार मारण्याचा तोंडी हुकूम दिला. वॉलरने हा हुकूम शब्दशः पाळला नाही. तथापि पुढील महिन्यांत गावे जाळणे, पिके व गुरे नष्ट करणे, होड्या फोडणे आणि अंतर्भागाकडे जाणारे अन्न अडविणे असे प्रकार मोठ्या प्रमाणावर झाले. चर्चचा धर्मगुरू दोनातो गिंबाओलिबोट याला पकडून त्याचा छळ करण्यात आला. लुकबान फेब्रुवारी १९०२ मध्ये पकडला गेला.

या मोहिमेत किती फिलिपिनी लोक मरण पावले, याविषयी इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत. जुन्या लोकप्रिय लेखनात ५०,००० पर्यंतचा आकडा दिला जाई. लष्करी कागदपत्रांच्या आधारे लिहिणाऱ्या अलीकडील अभ्यासकांच्या मते प्रत्यक्ष मारल्या गेलेल्यांची संख्या काही हजारांच्या आत असावी. उपासमार व रोगराई यांनी झालेले मृत्यू मात्र त्यात पूर्णपणे येत नाहीत. अमेरिकेत हे हुकूम उघडकीस आल्यावर खळबळ उडाली. ११ फिलिपिनी हमालांना विनाचौकशी गोळ्या घातल्याच्या आरोपावरून वॉलरवर खटला भरण्यात आला, पण तो निर्दोष ठरला. मे १९०२ मध्ये स्मिथवर लष्करी न्यायालयात खटला चालून त्याला केवळ समज देण्यात आली; राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याने नंतर त्याला सेवानिवृत्त केले.

या घटनेच्या नावातही दोन दृष्टिकोन उमटलेले आहेत. अमेरिकन लेखनात तिला दीर्घकाळ ‘बालांगिगाचे हत्याकांड’ म्हटले गेले. फिलिपीन्समध्ये ‘बालांगिगाची चकमक’ हे नाव रूढ असून ‘हत्याकांड’ हा शब्द तेथे वापरला गेल्यास तो बहुधा नंतरच्या सूडमोहिमेस उद्देशून असतो. १९८९ च्या कायद्याने २८ सप्टेंबर हा दिवस पूर्व सामार प्रांतात सुटीचा म्हणून घोषित झाला.

आर्थिक जीवन : जळालेले गाव त्याच जागी पुन्हा उभे राहिले. विसाव्या शतकात नारळ हेच येथील मुख्य पीक बनले. फळे उतरवून सोलणे, फोडणे, भट्टीवर सुकवून खोबरे काढणे व ते व्यापाऱ्यास विकणे ही कामे वर्षातून अनेकदा, ठरावीक महिन्यांच्या अंतराने, केली जातात. अनेक बागांमध्ये कसणारा व मालक वेगवेगळे असून उत्पन्नाची वाटणी ठरलेल्या हिश्शाने होते. जागतिक बाजारात खोबरेल तेलाचा भाव उतरला, की त्याची झळ थेट कुळाच्या चुलीपर्यंत पोहोचते. नदीकाठच्या सखल जमिनीत भात, तर उतारांवर रताळी, अळूचे विविध प्रकार, केळी व थोड्या प्रमाणात ॲबका यांची लागवड करतात. कंदमुळांना येथे विशेष महत्त्व आहे, कारण वादळात भात आडवा झाला, तरी जमिनीखालील अन्न शिल्लक राहते.

माडाच्या पोयीला छेद देऊन सकाळ-संध्याकाळ रस गोळा करणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. कोकणात जिला माडी म्हणतात तीच येथील ‘तुबा’ होय. तथापि सामार व लेते येथे तीत कांदळवनातील झाडाच्या सालीची ‘बारोक’ नावाची लाल पूड मिसळण्याची रीत आहे. सालीतील टॅनिनमुळे तुबास तांबडा रंग व तुरट चव येते आणि ती लवकर आंबट होत नाही. वारंवार गाळून महिनोन्‌महिने मुरविलेल्या तुबास ‘बाहालिना’ म्हणतात. लग्न, बारसे, गावजेवण व पाहुण्यांचे स्वागत यांत तिला मानाचे स्थान असते.

मासेमारी मुख्यतः वेळूच्या उलांडी असलेल्या लहान होड्यांतून होते. जाळी, गळ आणि उथळ पाण्यात रोवलेले कुंपणवजा सापळे ही साधने वापरतात. ताजे मासे गावातच खपतात व उरलेले मीठ लावून वाळवितात. मोठ्या बाजारासाठी, रुग्णालयासाठी व उच्च शिक्षणासाठी लोक लेते बेटावरील ताक्लोबान शहराकडे जातात. सामार व लेते यांना जोडणारा सु. २ किमी. लांबीचा सान हुआनिको पूल १९७३ मध्ये खुला झाल्यापासून हा प्रवास रस्त्याने होऊ लागला. रोजगाराच्या शोधात अनेक तरुण मनीला व परदेशी जातात आणि त्यांनी पाठविलेला पैसा कित्येक कुटुंबांच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा भाग असतो.

समाजजीवन : येथील लोक वाराय भाषा बोलतात, शाळेत तिच्या जोडीस फिलिपिनो व इंग्रजी या भाषा शिकविल्या जातात. बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक आहेत. जुन्या पद्धतीची घरे लाकूड, बांबू व निपा ताडाच्या झावळ्या यांची, जमिनीपासून उंच खांबांवर बांधलेली असतात. त्यांची जागा आता बव्हंशी सिमेंटच्या भिंती व पन्हळी पत्रे यांनी घेतली आहे. भात व मासे हा मुख्य आहार असून शिर्क्यात मुरविलेले कच्चे मासे व नारळाच्या रसातील कंद हे आवडीचे पदार्थ आहेत.

संत लॉरेन्सचा १० ऑगस्ट हा दिवस नगराचा वार्षिक उत्सव होय. त्या वेळी परगावी असलेली मंडळी घरी परततात, प्रत्येक घरात पाहुण्यांसाठी पान वाढलेले असते आणि चर्चमधील प्रार्थनेनंतर मिरवणूक व नृत्ये होतात. कोंबडा व कोंबडी यांच्या प्रणयाराधनाचे अनुकरण करणारे ‘कुराचा’ हे जोडनृत्य सामारचे वैशिष्ट्य आहे. नर्तकांपुढे प्रेक्षक पैसे टाकतात व जमलेली रक्कम लग्नाच्या वेळी वधूवरांस, उत्सवाच्या वेळी सार्वजनिक कार्यास देतात. नाताळपूर्वी १६ ते २४ डिसेंबर या काळात सलग नऊ पहाटे चर्चमध्ये विशेष प्रार्थना होतात. त्यांची हाक घंटेनेच दिली जाते.

२०१३ चे वादळ : ८ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘हैयान’ (फिलिपीन्समधील नाव ‘योलांदा’) हे आजवरच्या सर्वांत प्रबळ वादळांपैकी एक वादळ सामारच्या आग्नेयेकडील गिवान येथे प्रथम भूमीवर आले व दक्षिण किनाऱ्यालगत पश्चिमेकडे सरकले. बालांगिगातील बहुतेक घरांचे व चर्चचे मोठे नुकसान झाले. समुद्राच्या लाटेने ताक्लोबानमध्ये जेवढी मनुष्यहानी झाली, त्या मानाने येथे ती कमी होती. परंतु अर्थव्यवस्थेवरील आघात दीर्घकाळ टिकणारा ठरला. माड मुळासकट उन्मळले किंवा त्यांचे शेंडे मोडले. नव्याने लावलेला माड फळास येण्यास सर्वसाधारणपणे सहा ते आठ वर्षे लागतात. या मधल्या काळात कुटुंबांना भाजीपाला, कंदमुळे, मासेमारी व मजुरी यांवर गुजराण करावी लागली. अनेकांच्या होड्याही वादळात गेल्या होत्या.

घंटांचे पुनरागमन : १९०१ मध्ये अमेरिकन सैन्याने नेलेल्या तीन घंटांपैकी दोन घंटा वायोमिंग राज्यातील शायेन येथील लष्करी ठाण्यात (सध्याच्या एफ. ई. वॉरन हवाई दलतळावर) ठेवण्यात आल्या होत्या. तिसरी घंटा नवव्या पायदळ पलटणीबरोबर राहिली व अखेरीस दक्षिण कोरियातील तिच्या छावणीत होती. फिलिपिनी दृष्टीने त्या एका चर्चच्या मालकीच्या पवित्र वस्तू होत्या. अमेरिकेतील काही माजी सैनिकांच्या संघटनांच्या दृष्टीने त्या तेथे मारल्या गेलेल्या शिपायांचे स्मारक होत्या. त्यामुळे त्या परत करण्याचा प्रश्न शंभर वर्षांनंतरही भावनेचा राहिला. १९९० नंतरच्या दशकात राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांनी त्या परत मागितल्या व प्रतिकृती करून घंटा वाटून घेण्याचेही सुचविले; परंतु अमेरिकन कायद्यातील अटी व वायोमिंगमधील विरोध यांमुळे ते प्रयत्न फसले. बोरोंगानचा धर्मप्रांत, स्थानिक इतिहाससंशोधक आणि काही अमेरिकन नागरिक व माजी सैनिक यांनी हा प्रश्न जिवंत ठेवला.

जुलै २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांनी संसदेपुढील वार्षिक भाषणात घंटांची जाहीर मागणी केली. त्यानंतर अमेरिकन काँग्रेसने संरक्षणविषयक कायद्यात त्या परत करण्याची वाट मोकळी केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये वायोमिंग येथे निरोपाचा समारंभ झाला. ११ डिसेंबर २०१८ रोजी तिन्ही घंटा मनीला येथे पोहोचल्या व १५ डिसेंबर रोजी त्या बालांगिगाच्या चर्चच्या स्वाधीन करण्यात आल्या. नाताळपूर्व पहाटेच्या प्रार्थना दुसऱ्याच दिवशी सुरू होत असल्याने घंटांचे आगमन व त्यांचा मूळ उपयोग यांचा मेळ सहजच साधला गेला.

परत आलेल्या घंटांविषयी मनीला येथील राष्ट्रीय संग्रहालयात त्या ठेवाव्यात काय, अशीही चर्चा झाली होती. चर्च व नगरवासी यांनी त्या ज्या गावच्या, त्याच गावात राहाव्यात असा आग्रह धरला व तो मान्य झाला. युद्धात नेलेल्या सांस्कृतिक वस्तू मूळ समाजास परत करण्याविषयीच्या जागतिक चर्चेत बालांगिगाचे उदाहरण त्यामुळे वारंवार दिले जाते. या प्रकरणात वस्तू केवळ एका राष्ट्राकडून दुसऱ्या राष्ट्राकडे गेली नाही, तर जिच्यापासून ती घेतली गेली त्या लहान ग्रामसमाजापर्यंत ती पोहोचली, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

प्रेक्षणीय स्थळे : नगराच्या मध्यभागी चर्च असून समोरच्या चौकात १९०१ च्या घटनेचे शिल्पस्मारक आहे. फिलिपीन्सचे राष्ट्रीय कलावंत नापोलिओन आबुएव्हा यांनी घडविलेल्या या समूहशिल्पात न्याहारीस बसलेले शिपाई, कोयते उगारलेले गावकरी व आबानादोर यांच्या आकृती आहेत. दरवर्षी २८ सप्टेंबर रोजी स्थानिक लोक व विद्यार्थी या घटनेचा प्रसंग चौकात सादर करतात आणि दोन्ही बाजूंच्या मृतांना आदरांजली वाहिली जाते. समुद्रकिनारा, नदीचे मुख व उत्तरेकडील अरण्यमय टेकड्या हेही येथील आकर्षणाचे भाग आहेत. घंटांच्या पुनरागमनानंतर चर्चला भेट देणाऱ्यांची संख्या वाढली असली, तरी नगराचे जीवन पूर्वीप्रमाणेच माड, होडी व भाताचे शेत यांवर अवलंबून आहे.